हॉलमधल्या स्टिरिओसाठी नवा डॅक घेऊ का?

सीवूड्सकर

नमस्कार मंडळी. डॅक म्हणजे डिजिटल गाणं स्पीकरला चालेल अशा सिग्नलमध्ये बदलणारी पेटी, ती घ्यावी का ते विचारतोय. हॉल 10 बाय 16 फुटांचा. वडिलांचा जुना दोन चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून घेतला आणि पाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर जोडले. ते 10 फुटी भिंतीच्या शोकेसमध्ये आत ढकललेले आहेत, सोफा समोरच्या भिंतीला टेकून. गाणी मोबाइलवरून ब्लूटूथने, नाहीतर लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून. ऐकणं बहुतेक शास्त्रीय.

ब्लूटूथवर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, वाळू चाळल्यासारखी येते. लॅपटॉपचा चार्जर लावला की मागे सारखी घूंऽऽ चालू. आणि पुरुष गायक लावला की खर्जात सगळं घुमतं, शोकेसमधल्या काचेच्या वाट्या थरथरतात. बायकांच्या गाण्याला मात्र हे होत नाही, ते का कळत नाही. दुकानदार म्हणतो 30 हजारांचा डॅक, चांदीची केबल आणि हाय-रेझचं (सीडीपेक्षा बारीक रेकॉर्डिंगचं) सबस्क्रिप्शन घ्या. माझं बजेट 12 हजार. घरचा हुकूम असा की शोकेसची रचना बिघडवायची नाही.

चरईचा भोंगा

डॅक जरूर घ्या, पण घुमणं त्याने जाणार नाही. मी ठाण्यात बैठकींना साउंड लावतो, हॉलचं हे दुखणं रोजचं आहे.

काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा साधारण 138 हर्ट्झ, त्याचा खर्ज 69. तुमचा हॉल 16 फूट म्हणजे 4.88 मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला 345 मीटर धरून त्याला लांबीने भागा, 70-71 येतात. समोरासमोरच्या भिंतींत नेमकी तीच लाट अडकून बसते. गायिका काळी चारला गात असेल तर तिचा खर्ज 104 वर, तो या 70 च्या लाटेतून निसटतो. पुरुषाचा सापडतो. वाट्यांचा दोष नाही.

करून बघा: मोबाइलवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, 70 हर्ट्झचा सूर हळू आवाजात स्पीकरवर सोडा आणि सोफ्यापासून शोकेसकडे चालत जा. भिंतीपाशी कान भरून येईल, चार फुटांवर सूर जवळजवळ विरेल, हॉलच्या मधोमध पुन्हा वर येईल. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सोफा चार फूट पुढे कोण येऊ देणार! पण ऐकायला बसताना खुर्ची ओढून पुढे बसता येतं, तेवढ्यानेही खूप फरक पडतो. स्पीकर निदान शोकेसच्या कडेपर्यंत पुढे आणा. त्यांना मागच्या बाजूला पोर्ट (हवेचं भोक) असेल तर आत ढकललेला स्पीकर जास्तच घुमणार.

बेलापूर लोकल

भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा फोम लावा, घुमणं बंद. आणि चांदीच्या केबलची थट्टा करू नका, मला फरक ऐकू येतो.

चरईचा भोंगा

70 हर्ट्झची लाट पाच मीटर लांब, राव. तिला दोन इंची फोम काय अडवणार? फोम टाळीच्या ‘झण्ण’वर चालतो, पण ते काम जाड पडदा आणि सतरंजीही करते. केबलचं म्हणाल तर चांदीची आणि साधी, दोन्हींचा आवाज मोजून सारखा करा आणि कुठली लावली आहे ते न बघता ऐका. एखाद डेसिबल जास्त असलं तरी तेच जास्त चांगलं वाटतं. दुकानात डेमो देताना हे कोण बघतो?

पाम बीच ताई

घूं बद्दल. चार्जर काढून बॅटरीवर चालवलं की थांबते ना? मग तो अर्थ लूप आहे, म्हणजे दोन उपकरणं अर्थिंगच्या दोन वाटांनी जोडली जाऊन मधे घरघर शिरते. अ‍ॅम्प आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. केबल टीव्हीची वायर अ‍ॅम्पपर्यंत येत असेल तर ती काढूनही बघा. चार्जरची किंवा अ‍ॅम्पची अर्थची पिन कधीही काढू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. डॅक घेताना ऑप्टिकल (तारेऐवजी प्रकाशाने सिग्नल घेणारं) इनपुट असलेला बघा. गाणी टीव्हीवर लावून तिथून ऑप्टिकलने डॅकमध्ये आलात तर दोघांमध्ये तांब्याची तारच राहत नाही, त्यामुळे त्या वाटेने लूप होतच नाही. फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करा. तिथे डॉल्बी राहिलं तर साध्या डॅकमधून काहीच वाजत नाही आणि माणूस डॅक परत करायला निघतो.

वाळूचं कारण बहुधा ब्लूटूथ. सीडीचा प्रवाह सेकंदाला 1411 किलोबिट, ब्लूटूथचा साधा एसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) तो 328 च्या आसपास आणतो, आणि सिग्नल कमकुवत असेल तर त्याहून खाली. एलडॅक हा दुसरा कोडेक 990 पर्यंत जातो, पण फोन आणि रिसीव्हर दोघांनाही तो यायला हवा. त्यापेक्षा वायर लावा. प्लेअरचा आवाज पूर्ण ठेवून अ‍ॅम्पवर कमी-जास्त करा, आणि लॅपटॉपमधले ‘एन्हान्समेंट’ सगळे बंद.

हाय-रेझवर पैसे घालू नका. सीडीत आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने असतात, त्यात निम्म्यापर्यंतचं, म्हणजे 22 किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं, चाळिशीनंतर आपले कान तिथवर पोचतही नाहीत. जुन्या बैठकींच्या टेपवर तेवढं वरचं उतरलेलंही नसतं.

सीवूड्सकर

भोंगासाहेब, 70 चा सूर लावला. चार फुटांवर खरंच गायब! मुलाला वाटलं मी बटण दाबतोय, तोही चालून बघून आला. चार्जर काढला की घूं थांबते, म्हणजे ताई म्हणतात तेच. साधा ऑप्टिकलवाला डॅक बघतोय, पाचएक हजारांत बसेल. स्पीकर शोकेसबाहेर स्टँडवर न्यायला तत्त्वतः मंजुरी मिळाली आहे. स्टँड किती उंचीचा घेऊ?

चरईचा भोंगा

खुर्चीत बसल्यावर तुमचा कान जमिनीपासून किती उंच येतो ते टेपने मोजा, ट्वीटर (स्पीकरमधला बारीक सुरांचा छोटा भोंगा) त्याच उंचीला हवा. साधारण तीन फुटांच्या आतबाहेर येईल. त्यातून स्पीकरच्या तळापासून ट्वीटरपर्यंतची उंची वजा करा, तेवढा स्टँड. लगेच विकत घेऊ नका, आधी स्टुलांवर ठेवून ऐका आणि भिंतीपासून किती पुढे बरं वाटतं ते ठरवा. एवढं करूनही 70 ला थोडं घुमलं तर लॅपटॉपवर इक्वलायझर एपीओ हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका आणि तिथे अरुंद पट्ट्यात पाच-सहा डेसिबल खाली करा.