रात्रपाळी, पुरवणी आणि संपादकाची खुर्ची

उपसंपादिका, नाशिक:
मराठी दैनिकांच्या संपादकपदी स्त्रिया इतक्या कमी का, याचे उत्तर गुणवत्तेत नसून कामाच्या वाटपात आहे, असे माझे ठाम मत आहे. पतीच्या निधनानंतर तानुबाई बिर्जे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'दीनबंधू' या वृत्तपत्राच्या संपादनाची धुरा घेतली. त्याला शतक उलटून गेले, तरी दैनिक 'पुण्यनगरी'च्या संपादक राहिलेल्या राही भिडे यांच्यासारखी नावे बोटांवर मोजावी लागतात. या पदाची वाट राजकीय वार्तांकन आणि पहिल्या पानाची रात्रपाळी यांतून जाते. मी नऊ वर्षे पहिले पान लावले. बाळंतपणाच्या रजेवरून परतले, तेव्हा मला न विचारता माझी बदली पुरवणीत झालेली होती; ती माझ्याच सोयीसाठी केल्याचे सांगण्यात आले. पुढे बढतीचा विषय निघाला की 'बातमीचा अलीकडचा अनुभव नाही' हेच कारण मिळत गेले.

निवृत्त वृत्तसंपादक:
आपल्यावर अन्याय झाला, हे मान्य. पण त्यावरून सरसकट निष्कर्ष काढणे मला पटत नाही. मी बरीच वर्षे पाळ्यांचे तक्ते केले. शेवटच्या आवृत्तीची पाने मध्यरात्रीनंतर छपाईला सुटतात आणि ते काम कोणीतरी करावेच लागते. माझ्या हाताखालच्या तीन उपसंपादिकांनी स्वतः अर्ज करून पुरवणी मागितली होती. शिवाय पुरवणीचे काम दुय्यम समजणेच मुळात चूक आहे. उत्तम पुरवणी वाचक जपून ठेवतात, पहिले पान दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते.

उपसंपादिका, नाशिक:
पुरवणी दुय्यम आहे असे मी म्हटलेले नाही. बढती देणारे तसे समजतात, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि अर्जाबद्दल विचारते: रात्री दीड वाजता घरी सोडणारे वाहन त्यांना मिळत होते का? २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायद्यानुसार रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराचे बंधन आले. परंतु पुष्कळ जिल्हा कार्यालयांत तेवढी माणसेच नसतात. वाहन नाही, पाळणाघर नाही, अशा स्थितीत केलेल्या अर्जाला मी निवड म्हणणार नाही.

वाचक, सांगली:
दैनिकातल्या खुर्चीवरच नेतृत्व मोजायचे का? 'स्त्री' मासिकाच्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले आणि वाचकांचे एक जाळेच उभे केले. दिल्लीत उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन यांनी १९८४ मध्ये 'काली फॉर विमेन' ही प्रकाशनसंस्था काढली. दुसऱ्याच्या शिडीवर ताटकळण्यापेक्षा हा मार्ग अधिक स्वाभिमानाचा आहे.

ग्रंथसंपादक, पुणे:
विद्याताईंबद्दल मलाही नितांत आदर आहे, पण हा मार्ग भांडवल मागतो आणि ते प्रत्येकीकडे नसते. मी ज्या प्रकाशनसंस्थांत काम केले, तिथे हस्तलिखित वाचणे, लेखकाशी बोलून मजकुराची फेरमांडणी करणे, मुद्रितशोधन हे सारे प्रामुख्याने स्त्रिया करत. मात्र कोणते पुस्तक स्वीकारायचे आणि आवृत्ती किती प्रतींची काढायची, हे मालकांच्या घरात ठरे. पुस्तकावर जिचे खरे संस्कार झाले, तिचे नाव श्रेयनामावलीतही कित्येकदा नसते. 'स्वतःचे काढा' हा सल्ला अशा संस्थांना बदलण्याच्या जबाबदारीतून मोकळे करतो, म्हणून माझा त्याला विरोध आहे.

निवृत्त वृत्तसंपादक:
वाहनाच्या प्रश्नाचे उत्तर देतो: आमच्या कार्यालयाची गाडी फक्त अंकाच्या गठ्ठ्यांसाठी होती. तरीही पहिले पान हीच संपादकपदाची एकमेव कसोटी असावी, हे मला मान्य नाही. ती कसोटीच बदलली पाहिजे. त्या तिघींचे अर्ज मी त्याच दिवशी मंजूर केले. दोन-तीन वर्षांनी, मुले थोडी मोठी झाल्यावर, त्यांना परत बातमीकडे यायचे आहे का, हे मात्र मी एकीलाही विचारले नाही.