प्रतिसाद: घरची मराठी बंद करू नका
"दोन-तीन भाषांनी मूल गोंधळतं, घरी मराठी बंद करा" हा डिस्लेक्सिया (वाचन-लेखनात अडचण) असलेल्या मुलांसाठीचा सल्ला आम्हालाही लेकीच्या बाबतीत वडोदऱ्यात मिळाला होता. दोन महिने पाळलाही. फरक शून्य, उलट लेक आजीशी बोलेनाशी झाली. डिस्लेक्सिया भाषा वाढल्याने होत नाही. अक्षर आणि उच्चार जुळवताना अडतं. तिचं गाडं ऱ्हस्व वेलांटीवर अडायचं. दिसते आधी, म्हणायची नंतर! 'दिवा'चं 'इदवा' व्हायचं. (गुजरातीतही तेच, म्हणजे सुटका नाहीच.)

एक राहिलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमताही आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. प्रमाणपत्र असेल तर सीबीएसईत ३ तासांच्या पेपरला ६० मिनिटं जादा मिळतात, लेखनिकही घेता येतो. आम्हाला हे ती नववीत गेल्यावर कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून.