अनोळखी माणसासाठी प्रार्थना : आपले अनुभव लिहा

सार्वजनिक ठिकाणी भेटलेल्या अनोळखी व्यक्तीला “आपल्यासाठी प्रार्थना करू का?” असे विचारणे ही अनेक ख्रिस्ती मंडळ्यांची नित्याची सेवा आहे. ज्यांनी अशी प्रार्थना केली, ज्यांच्यासाठी ती झाली आणि ज्यांनी ती नाकारली, त्या सर्वांनी मोकळेपणाने लिहावे. कोणी विश्वासाने आपले दुःख सांगितले असेल, तर त्याची ओळख पटेल असे काही लिहू नये, एवढीच विनंती.

मंडळीतील एक स्वयंसेविका :
बायबलमधला आंधळा बार्तीमय समोर उभा असतानाही प्रभू येशूने त्याला काय हवे ते विचारले (मार्क 10:51). त्याची गरज सर्वांना दिसत होती, तरी ती त्याच्याच तोंडून ऐकण्यासाठी प्रभू थांबला, आणि माझ्या मते या सेवेचा सगळा गाभा त्या थांबण्यात आहे. बसथांब्यावर कुबड्या घेऊन बसलेल्या एका गृहस्थांना, कशासाठी प्रार्थना करू, असे मी विचारले, तेव्हा पायाबद्दल ते अवाक्षरही बोलले नाहीत. घर सोडून गेलेल्या आणि फोन न उचलणाऱ्या मुलासाठी त्यांनी प्रार्थना मागितली. मी ती थोडक्यात केली. त्यानंतर ते बराच वेळ मुलाविषयी बोलत राहिले, आणि ते ऐकून घेणे हाही प्रार्थनेचाच भाग होता, असे मी मानते.

अन्यधर्मीय वाचक :
वडील अतिदक्षता विभागात असताना बाहेरच्या बाकावर एका वृद्ध बाईंनी मला हा प्रश्न विचारला. मी ख्रिस्ती नाही, असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मला चालेल, पण तुम्हाला चालेल का?” खांद्यावर हात ठेवण्यापूर्वी त्यांनी परवानगी घेतली, वडिलांचे नाव विचारले आणि प्रार्थनेत डॉक्टरांचा व रात्रपाळीच्या परिचारिकांचाही उल्लेख केला. नंतर त्यांनी ना धर्मप्रचाराची पत्रिका दिली, ना माझा नंबर मागितला. माझा धर्म आजही तोच आहे. पण सगळे जण माझ्याशी तपासण्या आणि बिले यांविषयीच बोलत असताना वडिलांचे नाव मायेने घेणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

निवृत्त पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) :
रस्त्यांच्या कोपऱ्यांवर लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांना प्रभूने ढोंगी म्हटले (मत्तय 6:5), हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. म्हणून हळू आवाज, लहान प्रार्थना आणि चित्रीकरण मुळीच नाही, असा दंडक मी तरुणांना घालून देतो.

एक ख्रिस्ती डॉक्टर :
बरे होण्याचे आश्वासन कोणी देऊ नये. बायपास शस्त्रक्रियेच्या सुमारे 1,800 रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अनोळखी लोकांच्या प्रार्थनेमुळे गुंतागुंत कमी झाल्याचे आढळले नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे निश्चित ठाऊक असलेल्यांमध्ये ती काहीशी अधिक होती. तरीही मी प्रार्थना सोडली नाही, कारण ती मी औषधाच्या मात्रेप्रमाणे देतच नाही. ब्रिटनमध्ये 2012 साली जाहिरात नियामक संस्थेने रस्त्यावर प्रार्थना करणाऱ्या एका गटाच्या प्रचारसाहित्यातील रोगमुक्तीच्या दाव्यांना मनाई केली, ते मला योग्य वाटते. आजारी माणसासाठी प्रार्थना केल्यावर चालू औषध बंद न करण्याविषयी मी आवर्जून सांगतो.

चाकांची खुर्ची वापरणारा वाचक :
मी स्वतः विश्वासणारा असून नियमित उपासनेला जातो. तरीही रस्त्यात अडवून, न विचारता गुडघ्यावर हात ठेवून मी चालू लागावे म्हणून प्रार्थना करणारे मला वारंवार भेटतात, आणि नको म्हटले की माझाच विश्वास कमी पडतो असे ऐकवतात. यात मला देवाचे प्रेम दिसत नाही. माझ्या शरीरावर परस्पर दिलेला निकाल दिसतो. एका तरुणाने मात्र माझा नकार ऐकताच नम्रपणे निरोप घेतला आणि वाट मोकळी करून दिली. पुढे तो पुन्हा दिसला, तेव्हा पत्नीच्या नोकरीसाठी प्रार्थना करशील का, असे मीच त्याला विचारले.