मदत हवी आहे: नाइट्स ऑफ कोलंबसच्या स्कॉलरशिपचा अर्ज अडलाय

गिरीजकर
लेकीला न्यू जर्सीतल्या सीटन हॉल या कॅथॉलिक युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालंय. नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथॉलिक पुरुषांच्या संस्थेच्या स्कॉलरशिपचा अर्ज भरतोय. सभासद क्रमांक घरातच आहे, पण नात्याच्या रकान्यात काय लिहायचं कळेना. शेवटची तारीख १ मार्च, म्हणजे चार दिवस. कुणी भरलाय का? प्लीज लवकर.

मीठचौकी
कुठली? त्यांच्या बऱ्याच आहेत. मॅकडेविट की प्रो देओ? मुलगी फ्रेशमन, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला का? आणि सभासद तुम्ही स्वतः का?

स्पष्टवक्ता
ते दीड हजार डॉलर सोडा हो. आधी फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज भरा. आमच्या चिरंजीवांच्या वेळी मी सगळं फाफ्सावरच निभावलं.

गिरीजकर
फाफ्सा डिसेंबरातच भरलाय, तो प्रश्नच नाही. मॅकडेविट. फ्रेशमन. आणि दीड हजार दरवर्षी, चार वर्षं मिळू शकतात. ते कोण सोडणार?

स्पष्टवक्ता
ही मुळात विमा विकणारी मंडळी. स्कॉलरशिप म्हणजे गळाला लावलेलं आमिष.

सुकेळी
काहीही! मी सभासद आहे, एक पॉलिसी घेतलेली नाही. सक्ती नसते. १८८२ मध्ये न्यू हेवनला फादर मॅकगिव्हनींनी संस्था काढली तीच मुळी कमावता माणूस गेला की घर उघड्यावर पडू नये म्हणून. विमा त्यातून आला.

पापडी_फाटा
बॅसीन कॅथॉलिक बँकेचं कर्ज बघा की. आपल्या वसईची, गावची बँक, ओळखीची माणसं.

मीठचौकी
पापडी, माणूस न्यू जर्सीत बसलाय, फी डॉलरमध्ये आहे 😀
गिरीजकर, पुन्हा विचारतेय: सभासद *कोण*?

गिरीजकर
माझा थोरला भाऊ. एडिसनला एकाच घरात राहतो, वर ते, खाली आम्ही, स्वयंपाक एकच. नाइट्समधल्या सगळ्यात वरच्या, फोर्थ डिग्रीचा आहे, त्याची तलवार आमच्या जिन्याखाली छत्र्यांत उभी असते. लेकीचा गॉडफादरही तोच.

मीठचौकी
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! मॅकडेविटला सभासद स्वतः, त्याची बायको, विधवा किंवा मुलगा-मुलगी चालतात. पुतणी चालत नाही. प्रो देओलाही बापच सभासद लागतो.

गिरीजकर
आमच्यात पुतणी म्हणजे मुलगीच.

मीठचौकी
मान्य. पण रकाना वसईत छापलेला नाही.

स्पष्टवक्ता
मग स्वतः सभासद व्हा आजच.

सुकेळी
विमेवाले म्हणून नावं ठेवत होतात ना मघाशी? असो. गिरीजकर, फॉर्म बाजूला ठेवा. पुष्कळ काउन्सिलांची, म्हणजे त्यांच्या स्थानिक शाखांची, स्वतःची छोटी स्कॉलरशिप असते, नियम ज्याचे त्याचे. भावाला सांगा, फायनान्शियल सेक्रेटरीला फोन लाव.

गिरीजकर
आत्ताच वर जाऊन आलो. त्यांच्या काउन्सिलची आहे. त्यांच्या चर्चच्या पॅरिशमधल्या कुठल्याही सीनियरला, म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना चालते, नातं लागत नाही. गेली दोन वर्षं एकही अर्ज आला नाही म्हणे. रोज एका टेबलावर जेवतो आम्ही! विचारलं तर म्हणतो, "तू कधी विचारलंस?"
निबंध लिहायला बसवलंय तिला. सगळ्यांचे आभार.

पापडी_फाटा
अवांतर: @सुकेळी, तुमच्या आयडीवरून आठवलं, एडिसनला आपली खरी सुकेळी, वसईची सुकवलेली केळी, मिळतात का कुठे?