होमस्कूलिंगचा करिक्युलम निवडताना तुमचं काय जमलं आणि काय फसलं?

गोंधळलेली_आई:

नमस्कार मंडळी. लेक ८ वर्षांची, धाकटा ५ चा. लेकीची दुसरी झाली आणि शाळा सोडली, त्याला चार महिने झाले. शाळा सोडल्यावर थोडे दिवस नुसते गेले आणि मग मला धडकी भरली, म्हणून एक अख्खा बॉक्स करिक्युलम मागवला, म्हणजे सगळे विषय एकाच खोक्यात, ३६ आठवड्यांचं छापील वेळापत्रक, कुठल्या वारी कुठलं पान तेही ठरलेलं, आणि एक जाडजूड टीचर मॅन्युअल ज्यात मी काय बोलायचं ती वाक्यंसुद्धा लिहून दिलीयेत. तेव्हा वाटलं सुटले बाई!

आता सहावा आठवडा चालू आहे आणि आम्ही अजून वेळापत्रकातल्या तिसऱ्या आठवड्यात अडकलोय. गणिताच्या एका पानावर ३० गणितं. चार बेरजांची, तीन घड्याळाची, दोन आकृत्या, परत बेरजा. ती पहिली चार पटापट करते आणि मग पेन्सिलीला टोक काढत बसते. परवा इतकं टोक काढलं की पेन्सिल चिमटीत धरता येईना. मी ओरडले, ती रडली, मग मीही रडले, आमच्याकडे बघून धाकट्याने सूर लावला. आणि सगळ्यात लागलं ते म्हणजे इतिहासाच्या वेळी ती "झालं का?" विचारते. हीच मुलगी रात्री एक गोष्ट संपली की अजून एक, अजून एक करून माझा जीव खायची.

नवरा म्हणतो एवढं आणलंय तर आता संपवा. बदलू का नेटाने पुढे रेटू? तुमच्याकडे काय चाललं आणि काय फसलं ते खरं खरं सांगा. "आमच्याकडे सगळं मस्त चाललंय" छापाची उत्तरं कृपया नकोत, तसलं वाचूनच मी ते खोकं मागवलं होतं.

तिघांची_आई:

अगं पहिल्या वर्षी खोकं मागवणारी तू एकटी नाहीस, मी दोन मागवली होती. पहिलं पटलं नाही म्हणून दुसरं. दोन्ही अर्धी कोरी आहेत अजून. आता नऊ वर्षं झाली हे करून, त्यामुळे हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

सगळ्यात आधी विचारते, प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे पोर नेमकं कुठल्या पायरीवर आहे ते बघणारी चाचणी, घेतलीस का? का दुसरी झाली म्हणून तिसरीचा संच मागवलास? मी मोठीच्या वेळी तेच केलं. शाळेतली इयत्ता म्हणजे वयाने केलेली रांग. गणितात पोर एका ठिकाणी पुढे असतं आणि दुसऱ्या ठिकाणी दोन पायऱ्या मागे. बहुतेक गणिताच्या संचांची स्वतःची टेस्ट असते आणि ती फुकट मिळते, खोकं आलेलं असलं तरी घे. पोरीला परीक्षा वाटू देऊ नकोस, दोन-तीन दिवसांत थोडी थोडी तोंडी घेतलीस तरी चालतं.

दुसरं म्हणजे तू जे पान सांगतेयस ना, थोडं हे थोडं ते, त्याला स्पायरल म्हणतात. एक विषय थोडा शिकवायचा, सोडायचा, पुन्हा फिरून त्यावर यायचं. याच्या उलट मास्टरी, म्हणजे एकच विषय पक्का होईस्तोवर त्यातच राहायचं. यात कुठलं चांगलं यावर लोक हमरीतुमरीवर येतात, मला विचारशील तर ते पोरावर आहे. माझ्या मोठीला स्पायरलचा वैताग यायचा, आत्ता कुठे लक्ष लागतंय तर पुढचं गणित वेगळंच. तिला मास्टरी दिली आणि ती सुटलीच. मग मी शहाणपणा करून तेच पुस्तक मधल्याला दिलं. त्याने अपूर्णांक छान केले, पुढचे तीन महिने भूमिती आणि मोजमाप चाललं, आणि परत अपूर्णांक आले तेव्हा माझ्याकडे असा बघायला लागला जणू हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय. त्याला ती रोजची खिचडीच हवी होती. एकाच घरातली, एकाच आईची पोरं बरं का.

आमच्याकडे तिघांनाही चाललेली एकच गोष्ट, रंगीत काड्या. क्विझनेर रॉड्स नावाने मिळतात, बेल्जियमच्या एका शिक्षकाने काढलेल्या. पांढरी १ सेंटीमीटरची, लाल २ ची, फिकट हिरवी ३ ची, असं करत नारिंगी १० ची. अपूर्णांक विसरलेल्या त्या मधल्याला मी पुस्तक मिटून निळी काडी दिली, ती ९ ची असते, आणि म्हटलं हिचे सारखे तीन तुकडे शोध. तो खाली काड्या लावत बसला. लाल लावल्या, कमी पडल्या. जांभळ्या लावल्या, बाहेर आल्या. मग तीन फिकट हिरव्या बरोब्बर बसल्या आणि तो म्हणाला "म्हणजे हिरवी ही निळीची एक तृतीयांश, पण पांढरीची तीनपट?" मी काही बोललेच नाही, उठून दुसऱ्या खोलीत गेले, उगाच कौतुक करून विचका करायचा नव्हता.

सिंगापूरची गणिताची पद्धत म्हणतात ती याच अंगाने जाते, आधी हातात वस्तू, मग चित्र, मग आकडे. लोक काय करतात की आकड्यांची वर्कबुकं तेवढी घेतात आणि वस्तूंची पायरी गाळतात आणि मग म्हणतात फार अवघड आहे. (मीच ती लोक.)

नवऱ्याला सांग, शाळेतल्या बाईंनी तरी पुस्तकातलं प्रत्येक गणित कधी करून घेतलं होतं? एकाच प्रकारची चार असतील तर दोन कर आणि पान उलट.

रात्रपाळी_बाबा:

वरच्या प्रतिसादाला +१. आमचं फसलं ते स्क्रीनवर. मी रात्री काम करतो, सकाळी डोळे उघडत नाहीत, म्हणून व्हिडिओ आणि त्यावर लगेच प्रश्न, आपोआप मार्क देणारा ऑनलाइन कोर्स घेतला. मुलगा १० वर्षांचा. डॅशबोर्डवर रोज ९०च्या वर टक्के, हिरवे टिकमार्क, मी आपला खुश, बायकोला स्क्रीनशॉट पाठवतोय.

पाच महिन्यांनी सहज कागदावर एक भागाकार दिला. आला नाही. वाटलं मूड नसेल. दुसरा दिला, तोही नाही. मग एक दिवस झोप मोडून त्याच्या मागे जाऊन बसलो तर काय, पठ्ठ्या गणित वाचतच नव्हता. चार पर्यायांतले दोन बघूनच बाद करायचा, उरलेल्यातला एक दाबायचा, चुकला तर हिंट उघडायची, हिंटमध्ये तिसऱ्या पायरीला जवळजवळ उत्तरच असतं, मग बरोबर. त्याला मी रागावलो नाही कारण खरं सांगायचं तर त्याने ती सिस्टीम माझ्यापेक्षा चांगली ओळखली होती.

कोर्स बंद नाही केला. आता व्हिडिओ बघायचा, मध्ये थांबवायचा, वहीत सोडवायचं आणि मगच पर्याय उघडायचे. शेवटी वही मी बघतो, टक्के बघत नाही. वेळ दुप्पट लागतो आणि झोप निम्मी झालीये, पण भागाकार येतो. ज्यांना वाटतं की ऑनलाइन घेतलं म्हणजे आपला वेळ वाचला त्यांनी आठवड्यातून एक दिवस तरी पोराच्या मागे खुर्ची टाकून बसा.

अवांतर: त्याआधी "माझा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे", म्हणजे बघून जास्त शिकणारा, म्हणून पण बरंच काय काय घेतलं होतं मी. नंतर वाचलं की २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी या लर्निंग स्टाइलवरचं संशोधन तपासलं तेव्हा त्या स्टाइलप्रमाणे शिकवून जास्त शिकणं होतं याला पुरेसा पुरावाच सापडला नाही. असो, तक्ते छान आहेत भिंतीवर.

पानापानांत:

@गोंधळलेली_आई, तुमचं ते इतिहासाच्या वेळचं "झालं का?" वाचून राहवलं नाही. त्या खोक्यातलं इतिहासाचं पुस्तक म्हणजे धडा आणि खाली गाळलेल्या जागा असं आहे का? असेल तर पोरीचा दोष नाही हो, मला पण झोप येईल.

आम्ही शार्लट मेसनच्या वाटेने जातो. इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ, १८४२ ते १९२३. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की पाठ्यपुस्तकाऐवजी विषयावर जीव असलेल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक वाचा, लहान मुलांचा धडा वीसेक मिनिटांच्या वर नेऊ नका, आणि वाचून झालं की प्रश्न विचारू नका, मुलाला आपल्या शब्दांत सांगू द्या. याला नॅरेशन म्हणतात. ऐकायला काहीच वाटत नाही पण करून बघा, एकदाच वाचलेलं पान पुस्तक मिटून सलग सांगायचं, मोठ्यांनाही घाम फुटतो. सहा वर्षांच्या आतल्याकडून मात्र त्या हे मागतच नाहीत, त्यामुळे धाकट्याला नुसतं बसू दे शेजारी.

माझी मुलगी सुरुवातीला "मला नाही आठवत" म्हणून मोकळी व्हायची. मी खोदून खोदून विचारायचे आणि ती अजून मिटायची. एकदा मी मुद्दाम चुकीचं सांगितलं, की राजा आधी मेला आणि मग लढाई झाली. तर ताडकन, "नाही गं आई, लढाई झाली म्हणून तर तो मेला!" आणि मग पंधरा मिनिटं बोलत होती. लबाडी आहे, पण चालते.

फसलं कुठे ते पण सांगते, तुम्ही बजावलंच आहे. मी पद्धतीबरोबर त्यांच्या काळातली पुस्तकांची यादी पण जशीच्या तशी उचलली. शंभर वर्षांपूर्वीचं इंग्रजी, आणि निसर्गाच्या वहीसाठी असे पक्षी जे आमच्या खिडकीत येणं शक्यच नाही. मुलगी बिचारी चित्रावरून चित्र काढत होती. वर्षभराने डोक्यात प्रकाश पडला की तिथे लिहिलंय बाहेर जाऊन बघा, आणि आम्ही घरात बसून ते वाचतोय. यादी टाकून दिली. आता वहीत कावळे फार झालेत पण निदान ते आमचे आहेत.

मोकळं_आभाळ:

खोकं परत पाठवा आणि काहीही घेऊ नका. अमेरिकन शिक्षक-लेखक जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये होमस्कूलिंगवालं नियतकालिक काढलं तेव्हापासून अनस्कूलिंगवाले हेच सांगतायत, मूल आपलं आपण शिकतं, आपण मध्ये आलो नाही म्हणजे झालं. आमच्या दोघांनी एकही वर्कबुक न लावता केलंय सगळं.

उशिरा_कळलं:

@मोकळं_आभाळ दादा, तुमच्याकडे जमलं त्याचा आनंद आहे पण "काहीही घेऊ नका" असं सरसकट सांगू नका प्लीज. आम्हीपण त्याच वाटेवर होतो. मोठा साडेपाच वर्षांचा असताना स्वतःहून वाचायला लागला, कोणी शिकवलं नाही, दुकानाच्या पाट्या वाचत वाचत शिकला. मग धाकटीची वाट बघितली. सात झाले, आठ झाले, सगळे म्हणाले येईल गं, प्रत्येकाची वेळ असते. ती हुशार, पुस्तक समोर धरून गोष्ट घडाघडा सांगायची. एक दिवस मी दोन पानं एकदम उलटली आणि ती मधल्या पानावरची गोष्ट सांगत राहिली. पाठ होती तिला. वाचत नव्हतीच.

तपासणी केली, डिस्लेक्सिया निघाला, म्हणजे हुशार असूनही अक्षरं वाचायला अवघड जाणं. आता ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीने चाललंय, अमेरिकेत १९३०च्या दशकात एक न्यूरॉलॉजिस्ट आणि एक शिक्षिका यांच्या कामातून आलेली. एकेक आवाज, तो ऐकायचा, म्हणायचा, बोटाने गिरवायचा, आणि आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढे नाही. अतिशय ठरलेला क्रम, मोकळं वगैरे काही नाही, आणि तिला ते आवडतं कारण पहिल्यांदाच तिला काहीतरी जमतंय. गेली दोन वर्षं जी मी "मोकळेपणा" म्हणून मिरवली त्यात ती एकटीच झगडत होती, हे डोक्यातून जात नाही.

बाकी विषय आम्ही अजून मोकळेच ठेवलेत. पण वाचन आणि गणित या दोन ठिकाणी अडकलंय असं वाटलं तर वाट बघू नका, कोणाला तरी दाखवा.

मोकळं_आभाळ:

मान्य. माझी दोघं आपोआप वाचायला लागली म्हणून मला सोपं वाटतं हे सगळं. पहिला प्रतिसाद जरा जोरात लिहिला गेला.

गोंधळलेली_आई:

सगळ्यांचे खूप खूप आभार, दोन आठवड्यांनी येतेय कारण खरंच करून बघत होते.

प्लेसमेंट टेस्ट घेतली. बेरीज, वजाबाकी, पाढे यात बाई पुढच्या पुस्तकाच्या मध्यापर्यंत आहेत, म्हणजे ती ३० गणितं तिला खरंच कंटाळवाणी होती. आणि घड्याळ शून्य. म्हणून पेन्सिल कोरत होती, पानावर घड्याळ आलं की टोक मोडायचं! मला वाटलं आळस. आता पाढ्यांची पानं सरळ गाळतोय आणि घड्याळासाठी पुठ्ठ्याचं एक केलंय, काटे टाचणीवर.

इतिहास खोक्यातला बंद. लायब्ररीतून एक गोष्टीरूप आणलं, दोघांना एकत्र वाचून दाखवते, पंधरा-वीस मिनिटं बस. मी पण लढाईचा क्रम उलटा सांगून बघितला, धाकटाच ओरडला. लेक अजून फार सांगत नाही, तीन-चार वाक्यं. पण परवा पान संपल्यावर "झालं का?" नाही म्हणाली, "झालं?" म्हणाली. फरक कळतोय ना तुम्हाला.

वेळापत्रकाचा कागद भिंतीवरून काढला. नवऱ्याने विचारलं आता कुठल्या आठवड्यात आहात, म्हटलं माहीत नाही.

आता ते जाड मॅन्युअल आणि उरलेली वर्कबुकं कोरी आहेत, कोणाला हवी आहेत का?

तिघांची_आई:

थांब, देऊन टाकू नकोस इतक्यात. पाच वर्षांचा आहे ना धाकटा? माझ्या मधल्याला रोजची खिचडी लागायची सांगितलं ना. कपाटावर टाकून ठेव आणि तीन वर्षांनी आधी टेस्ट घे.