मदत हवी आहे: तक्रारपेटीत पहिलीतलं मूल काय टाकणार?

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर यंदा पालक म्हणून माझी निवड झाली आहे. शाळा चौथीपर्यंतची आहे. २०२४ च्या बदलापूर प्रकरणानंतर (शाळेत लहान मुलींवर झालेला लैंगिक अत्याचार) तक्रारपेटी, सीसीटीव्ही, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची समिती) या सगळ्याबद्दल शासनाने कडक सूचना दिल्या. आमच्याकडे पेटी आहे, भिंतीवर १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबरही रंगवलाय. पण पहिली-दुसरीच्या लेकरांना धड लिहिता येत नाही, ती पेटीत काय टाकणार? मला याचीच जास्त काळजी वाटते. तुमच्या शाळेत लहान मुलं मनातलं सांगतात कुणाला? चित्र काढून, गोष्टीतून, की ठरलेल्या एखाद्या बाईंना? चांगला-वाईट स्पर्श शिकवताना मुलं घाबरू नयेत म्हणून काय करता?

दुसरं, सफाई कामगार आणि व्हॅनचालक यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी कुणी करून घेतली आहे का? अर्ज मुख्याध्यापकांनी द्यायचा की समितीनेही चालतो?

पॉक्सो कायद्यानुसार (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) मुलावर असा अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे बैठकीत सांगितलं तर काही जण म्हणाले, "आधी गावातच मिटवू." अशा मंडळींना कसं समजावलंत? शिक्षक आणि अंगणवाडी ताईंनी जरूर लिहा.