नफा तोच, तरी भाव का उतरतो?

कंपनीचा नफा घटलेला नसताना केवळ व्याजदर वाढले म्हणून शेअर का पडावा, असा प्रश्न पडतो. शेअरचा भाव म्हणजे ढोबळमानाने पुढे मिळणाऱ्या नफ्याची आजची किंमत. हिशोब मांडून बघा. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत (म्हणजे आज किती गुंतवले तर तेव्हा १०० होतील) ४ टक्के दराने साधारण ६८ येते, ७ टक्क्यांनी ५१. कंपनीत काहीच बिघडलं नाही, तरी पाव किंमत गेली! म्हणून ज्यांचा नफा अजून लांब आहे ते शेअर आधी आपटतात. २०२२ मध्ये अमेरिकेत दर झपाट्याने वाढले, तेव्हा नॅस्डॅक हा तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला तिथला शेअर निर्देशांक वर्षभरात सुमारे ३३ टक्के उतरला.

जपून गुंतवणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगतो, घाबरून दीर्घ मुदतीच्या रोख्यांकडे (सरकारला किंवा कंपनीला ठरलेल्या व्याजाने दिलेलं कर्ज) धावू नका. दर वाढले की जुन्या रोख्यांचेही भाव पडतात. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा अल्प मुदतीच्या ठेवीतच बरा.